कागद नसलेली जुनी गाडी नावावर कशी करायची: इंदूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने

जुनी गाडी घेणाऱ्यांची चूक आता जवळजवळ ठरूनच गेली आहे. गाडी आवडते, पैसे दिले जातात, गाडी गॅरेजला जाते, डेंटिंग-पेंटिंग होतं, नवे टायर चढतात. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "आरसी कुठंय?" आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, नसतेच. तिथून धावपळ सुरू होते. नोटरीकडून एक शपथपत्र, आरटीओबाहेरच्या एजंटला ॲडव्हान्स, आणि काही महिन्यांनी त्याचा फोन: "भैया, रेकॉर्ड ही नहीं मिल रहा."

सगळा घोळ क्रमाचा आहे. आरटीओ गाडी पाहून कागद करून देत नाही. नोंदीत शेवटचं नाव कुणाचं आहे आणि त्या नावापासून तुमच्यापर्यंत गाडी कायदेशीरपणे कशी आली, एवढंच ते बघतं. ही साखळी जुळली तर हरवलेली आरसी हा किरकोळ प्रश्न आहे. न जुळली तर दहा शपथपत्रंही उपयोगाची नाहीत. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा, आणि चौथा टप्पा पार होईपर्यंत गाडीवर बॅटरीपलीकडे काही खर्च करू नका. व्यवहार व्हायचा असेल तर त्याहून बरं: बयाणा देण्याआधी पहिले तीन टप्पे उरका.

टप्पा १: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या हातांनी उतरवा

मालकाने कागदावर लिहून दिलेला नंबर चालत नाही, फोटोही पुरत नाही. बहुतेक जुन्या कारमध्ये बोनट उघडलं की इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. रिव्हेटने बसवलेली पट्टी ही वेगळी गोष्ट, ती कुणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. आपल्याला पत्र्यात ठोकलेले आकडे हवेत. पट्टी आणि ठोकलेला नंबर जुळत नसतील तर तिथेच थांबा.

जागा सापडली की चिंधी रॉकेलमध्ये भिजवून ग्रीस आणि काजळी पुसा. पॉलिश पेपर, वायर ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात नको. घासलेला नंबर इन्स्पेक्टरला खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि मग तुमचं खरं बोलणंही त्याला पटत नाही. पुसलेली जागा वाळू द्या. मऊ पेन्सिलीचं शिसं आकड्यांवर आडवं घासा, वर रुंद पारदर्शक टेप बोटाने दाबत बसवा आणि एका टोकापासून सावकाश उचला. आकडे टेपवर उतरतात. ती टेप पांढऱ्या कागदावर चिकटवा. यालाच चेसिस प्रिंट म्हणतात. अशा चार-पाच प्रती करून ठेवा, कारण प्रत्येक अर्जाला एक लागते आणि गाडी दर वेळी जवळ नसते.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो बऱ्याचदा तेलाच्या थराखाली दडलेला असतो. तिथेही हेच करा.

तपासा: ३ आणि ८, ५ आणि एस, शून्य आणि ओ, एक आणि आय. पुढे निम्मी कामं अडतात ती याच जोड्यांवर. दोन माणसांना वेगवेगळं वाचायला लावा.

इंजिन बदललेलं असेल तर आत्ताच कळू द्या. पेट्रोल फियाट किंवा ॲम्बॅसॅडरमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास झाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने होऊन आरसीवर चढायला हवा. एलपीजी किंवा सीएनजी किटचंही तसंच. बिल असेल तर जपून ठेवा. बिलही नसेल आणि इंजिन दुसऱ्याच कंपनीचं असेल, तर पुढचा रस्ता किमान दुप्पट लांब समजा.

टप्पा २: नोंद शोधा

नंबर प्लेट शाबूत असेल तर परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली दिसतील, पण नोंदणीची तारीख, इंधन, मुदत, विमा आणि सध्याची स्थिती दिसते. या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

ऑनलाइन काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, आणि "गाडीची नोंदच नाही" असा निष्कर्षही काढू नका. जुन्या गाड्यांच्या कितीतरी नोंदी कागदी रजिस्टरमध्येच राहिल्या आहेत. त्या संगणकात चढवण्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. त्यासाठी ज्या आरटीओत मूळ नोंद झाली तिथेच अर्ज करावा लागतो. एमपी ०९ म्हणजे इंदूर, म्हणजे आता नायता मुंडला. केशरबागेच्या जुन्या पत्त्यावर आजही काही जण जाऊन येतात. एमपी ०७ असेल तर ग्वाल्हेर, एमपी ०४ भोपाळ, एमपी १३ उज्जैन, एमपी ४१ देवास.

१९८९ च्या जुलैत नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर वेगळ्या ढंगाचे, आधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असे आहेत. तिथे रजिस्टरशिवाय पर्याय नाही. आणखी एक गंमत लक्षात असू द्या: २००० च्या नोव्हेंबरआधी रायपूर किंवा बिलासपूरला नोंद झालेल्या गाडीवर एमपीच लिहिलेलं असतं, पण ते जिल्हे आता छत्तीसगडात आहेत. म्हणजे अशी गाडी आपल्या दृष्टीने परराज्यातली, आणि तिला टप्पा ८ लागू.

बॅकलॉग एंट्रीच्या अर्जाबरोबर चेसिस प्रिंट, जुन्या आरसीची झेरॉक्स असल्यास ती, जुना विमा, टॅक्सची पावती, जे काही असेल ते जोडा. एंट्री मंजूर होण्याआधी स्क्रीनवर चेसिस, इंजिन, मालकाचं नाव, नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचं वर्ष स्वतः वाचा. एक आकडा चुकीचा टाइप झाला तर दुरुस्तीसाठी नवा अर्ज लागतो.

आता प्लेटही नाही असं धरू. रजिस्टर नंबरवार असतं, चेसिसवार नसतं. त्यामुळे नुसता चेसिस नंबर घेऊन गेलात तर बाबूलाही काही शोधता येत नाही. आधी नंबर शोधा, आणि तो बहुधा घरातच असतो. लग्नाच्या अल्बमात गाडीसमोर उभ्या राहिलेल्या वऱ्हाडाचे फोटो बघा. काचांचे कोपरे बघा, पूर्वी चोरीच्या भीतीने काचेवर नंबर कोरून घेत. स्टेपनीच्या खाली, डॅशबोर्डच्या कप्प्यात, सीटच्या फटीत जुनी सर्व्हिसिंगची बिलं निघतात. बंपरवर रंगवलेला नंबर नव्या रंगाखाली तिरप्या उजेडात उठून दिसतो. जुन्या विमा पॉलिसीत नंबर, चेसिस आणि मालक तिन्ही असतात. हा कागद सापडला तर निम्मं काम झालं.

नंबर मिळाला पण कार्यालयातून उत्तरच येत नाही, असंही होतं. तेव्हा आरसी पर्टिक्युलर्ससाठी, म्हणजे नोंदीतल्या तपशिलाच्या उताऱ्यासाठी, रीतसर अर्ज करून पावती घ्या. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. प्रश्न नेमका विचारा: "या नंबरची नोंद कोणत्या रजिस्टरच्या कोणत्या पानावर आहे, आणि ती संगणकात चढवली आहे का?" मालकाचा पत्ता मागितलात तर खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. सीएम हेल्पलाइन १८१ ची तक्रारही उपयोगी पडते, पण अर्जाची पावती हातात असेल तरच.

सावध: नंबरही नाही, नोंदही नाही, जुना एकही कागद नाही, अशी गाडी "बाद में करवा देंगे" या भरवशावर घेऊ नका. तिची किंमत सुट्या भागांपुरतीच.

टप्पा ३: गाडी मेलेली किंवा चोरीची नाही ना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या सेवेत नंबर, चेसिस आणि इंजिन टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते पाहता येतं. त्याचा रिपोर्ट छापून फाइलला लावा. गाडी यादीत निघाली तर विक्रेत्याशी वाद घालत बसू नका. व्यवहार थांबवा आणि ठाण्याला लेखी कळवा. चोरीची गाडी जाणूनबुजून जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे.

मग परिवहनच्या पानावरची स्थिती वाचा. ब्लॅकलिस्ट लिहिलं असेल तर बहुधा चलान, टॅक्स किंवा एखाद्या गुन्ह्यातलं प्रकरण असतं. ते सुटू शकतं. एनओसी (ना-हरकत पत्र) दिली असं लिहिलं असेल तर कुणीतरी गाडी दुसऱ्या आरटीओत न्यायला काढली होती आणि नेलीच नाही, म्हणजे ती एनओसी आधी रद्द करून घ्यावी लागेल. पण नोंदणी रद्द किंवा स्क्रॅप असं असेल तर विषय संपला. भंगारात गेली म्हणून मालकाने कलम ५५ खाली नोंद रद्द करून घेतली आणि मग तीच गाडी कुणी विकली, असे प्रकार होतात. ती पुन्हा जिवंत होत नाही. दिल्लीतून स्वस्तात आणलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे खास तपासा. तिथे मुदत उलटलेल्या गाड्यांची नोंदणी मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आहे.

सरकारी खात्याच्या लिलावातली जीप स्वस्त दिसते. पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरणच बंद आहे. महू जवळ असल्यामुळे लष्करी डिस्पोजलच्या जीपबद्दलही वरचेवर विचारणा होते. तिला संबंधित लष्करी अधिकाऱ्याने फॉर्म २१ मध्ये दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. "मधल्या व्यापाऱ्याची पावती आहे" हे उत्तर चालत नाही.

सावध: कुणी म्हणालं, "माझ्याकडे याच मॉडेलचे कागद पडून आहेत, चेसिस नंबर तेवढा ठोकून देतो," तर त्या माणसाशी बोलणं बंद करा. ती सरळसरळ बनावटगिरी आहे आणि पकडला जातो तो गाडी चालवणारा.

टप्पा ४: नोंदीतल्या मालकापासून तुमच्यापर्यंतची साखळी

सगळा जीव या टप्प्यात आहे, म्हणून इथे घाई नको.

सोपी स्थिती म्हणजे नोंदीतला मालक हयात आहे, ओळखीचा आहे आणि सही द्यायला तयार आहे. त्याच्याकडून विक्रीची पावती, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा घ्या आणि नाव बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर तुमच्या समोर सही घ्या. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पोर्टलवर ओटीपी लागतो, म्हणून नोंदीतला मोबाइल नंबर चालू आहे का ते त्याच दिवशी बघा. जुन्या नोंदीत नंबरच नसतो, तो आधी अपडेट करावा लागतो.

दुसरी स्थिती सर्वात जास्त आढळते. नोंद एका नावावर, पण त्याने विकली दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळा व्यवहार सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर. मधले दोघे आरटीओच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. तुम्हाला सही पहिल्याचीच हवी आणि ती आजची हवी. वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या फॉर्मवरची नको. तो सहसा म्हणतो, "मी केव्हाच विकली, माझा काय संबंध?" त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगा. त्यातही गाडी अशीच हातोहात फिरली होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आली नोंदीत नाव असलेल्यावर. गाडी आज कुठे ठोकली गेली तर नोटीस त्याच्याच दारात येईल, हे शांतपणे समजावलं की बहुतेक जण सही देतात. ही धमकी नव्हे, त्याच्याच फायद्याची गोष्ट आहे.

गाडी सेकंडहँड डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे अधिकृत डीलरला मालकाकडून गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी भरावा लागतो. त्याची प्रत मागा. "वो सब हमारा लड़का देख लेगा" म्हणणाऱ्याकडे तो नसतो.

तिसरी स्थिती घरोघरी आहे. समजा रामबागेत आजोबांच्या नावची १९८४ ची फियाट आवारात उभी आहे, आजोबा गेले, आणि मामा म्हणतात, "घेऊन जा रे, तुझीच समज." मामांचं मन मोठं, पण गाडी त्यांच्या नावावर नाही. मालक वारल्यावर गाडी वारसांच्या नावावर येते ती फॉर्म ३१ ने. नियमाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असला तरी अर्ज करायचाच, फक्त उशिराचं कारण आणि दंड सोबत येतात. लागणारे कागद: मृत्यूचा दाखला, अर्ज करणाऱ्या वारसाचं ओळखपत्र, आणि बाकी सगळ्या वारसांची संमती शपथपत्रावर.

"सगळे वारस" इथेच लोक अडखळतात. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हयात असेल तर तीही येते. लग्न होऊन पुण्याला गेलेली मावशी, नागपूरची दुसरी मावशी, दोघींच्या सह्या लागतात. "तिला काय विचारायचं, ती नाही म्हणणार नाही," असं म्हणून वगळलेली मावशीच पुढे अर्ज अडवते, किंवा तिच्या नावाने दुसरं कुणी अडवतं. एक फोन करा, शपथपत्र कुरिअरने मागवा.

मग गाडी आधी मामांच्या नावावर, आणि त्यानंतर फॉर्म २९ व ३० ने तुमच्या नावावर. दोन पायऱ्या एका उडीत करायचा मोह आवरा.

बरेच जण वकिलाच्या सांगण्यावरून आधी सक्सेशन सर्टिफिकेटच्या मागे लागतात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातलं ते प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी आहे: बँकेतली रक्कम, शेअर वगैरे. वारस एकमताचे असतील तर गाडीसाठी त्यात वेळ आणि पैसा घालवायची गरज नाही. वारसांत भांडण असेल तर गोष्ट निराळी, पण मग प्रश्न गाडीचा उरलेलाच नसतो.

मालक सापडतच नाही, ही चौथी स्थिती. नोंदीतल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. परत आलेलं पाकीट न उघडता तसंच ठेवा. शेजारीपाजारी चौकशी करा. शहरातल्या खपाच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि ते पान जपा. त्यानंतर आरटीओकडे सगळ्या कागदांसह लेखी अर्ज करा आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागा. तोंडी "नहीं होगा" ऐकून परत फिरू नका. लेखी नकार हातात पडल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं, आणि दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून मागण्यासाठीही तोच कागद लागतो. दाव्यात विक्रीची पावती, पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा, गॅरेजची बिलं, गाडी इतकी वर्षं तुमच्याकडे उभी असल्याचे फोटो, शेजाऱ्यांच्या साक्षी, हे सगळं उपयोगी पडतं. वेळखाऊ आहे. गाडी तेवढ्या मोलाची आहे का, हे वकिलाची फी भरायच्या आधी ठरवा. सामान्य मारुती ८०० साठी मी हा मार्ग कुणाला सुचवणार नाही.

टप्पा ५: बोजा, टॅक्स, चलान

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असेल तर कर्ज फिटून तीस वर्षं झाली असली तरी बोजा उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. इंदुरात जुन्या गाड्यांवर स्टेट बँक ऑफ इंदूरचं नाव वरचेवर निघतं. ती २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, तेव्हा पत्र आता त्यांच्याकडून मागायचं. देना आणि विजया बँकेचा बोजा असेल तर २०१९ पासून बँक ऑफ बडोदाकडे. शाखेत "इतकं जुनं रेकॉर्ड नाही" म्हणतील. तेव्हा कर्ज बाकी नसल्याचं पत्र मागा, कर्ज खात्याची प्रत मागत बसू नका.

टॅक्सची थकबाकी आणि ई-चलान पोर्टलवर दिसतात. थकबाकी दंडासह मोजली जाते, म्हणून आकडा आधी काढा आणि तो गाडीच्या किमतीतून वजा करून मगच सौदा पक्का करा.

टप्पा ६: हरवलेल्या आरसीची नक्कल

आता कुठे आरसी. नोंदीतल्या मालकाने, किंवा वारसाने, ती हरवल्याची तक्रार ठाण्यात किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर द्यायची. तक्रार मालकाच्या नावाने हवी. तुम्ही खरेदीदार म्हणून "माझी आरसी हरवली" असं लिहून दिलंत तर ते खोटं ठरतं, कारण ती तुमची कधीच नव्हती. त्या तक्रारीसह फॉर्म २६. नकलेचा आणि नाव बदलाचा अर्ज पोर्टलवर एकाच वेळी टाकता येतो आणि फी मिळूनही फार होत नाही.

तपासा: तक्रारीतला नंबर, चेसिस आणि मालकाच्या नावाचं स्पेलिंग नोंदीशी अक्षरशः जुळतंय का. "कुलकर्णी" एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्याने, एवढ्यावरून फाइल परत येते.

टप्पा ७: मुदत आणि तपासणी

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांची. मुदत संपलेल्या गाडीचा नाव बदल पुढे सरकत नाही, म्हणून फॉर्म २५ ने नूतनीकरण आधी किंवा सोबत. खरा खर्च इथे आहे. १५ वर्षांवरच्या कारला ५,००० रुपये, आणि २०२५ च्या ऑगस्टमधल्या दुरुस्तीनंतर २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. आयात केलेली चारचाकी २० वर्षांवरची असेल तर ८०,०००. उशिराचे दरमहा ५०० रुपये वेगळे, म्हणजे दोन वर्षांच्या उशिराचे १२,०००.

गाडी तपासणीला न्यायची ती पिकअपवर चढवून किंवा टो करून. वैध नोंदणीशिवाय रस्त्यावर आणली तर पहिल्याच खेपेला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. विमा नसेल तर त्याचा वेगळा.

इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर जुळवतो. मग दिवे, इंडिकेटर, ब्रेक, हँडब्रेक, हॉर्न, वायपर, टायर, गळती बघतो. चकचकीत रंगाचे गुण मिळत नाहीत, उलट रंग बदललेला असेल तर तो आरसीवर चढवावा लागतो. जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी बहुतेक कार्बुरेटरच्या सेटिंगमुळे नापास होते. बीएस-२ (भारत स्टेज-२) या प्रदूषण मानकाच्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतं. पीयूसीवाल्याने नव्या गाडीची मर्यादा लावून नापास केलं तर गाडीचं उत्पादन वर्ष दाखवा. तेवढ्याने काम होतं.

टप्पा ८: परराज्यातली गाडी

पुण्याच्या काकांची गाडी आणायची असेल तर आधी तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग इथे नाव बदल आणि फॉर्म २७ ने नवा नंबर. मध्य प्रदेशचा टॅक्स इथे नव्याने भरावा लागतो. कायद्याने एनओसीच्या अर्जावर आरटीओने ३० दिवसांत हो किंवा सकारण नाही म्हणायचं असतं. गाडी इकडे आणून मग एनओसी मागायला गेलात तर तपासणीसाठी ती परत न्यायची वेळ येऊ शकते. कागद आधी, गाडी नंतर.

विंटेज नोंदणीचा गैरसमज

२०२१ च्या जुलैपासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. कागद नसलेल्या गाडीची ही पळवाट आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. गाडी आधी नोंदलेली असेल तर जुनी आरसी लागते, आयात असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. शिवाय ५० वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, आणि नोंदच सापडत नसेल तर वय सिद्ध कशाने करणार? वरचे टप्पे चुकत नाहीत ते नाहीतच. वर ही गाडी प्रदर्शन, रॅली आणि त्यासाठीच्या ये-जा, पेट्रोल आणि देखभालीपुरतीच चालवता येते. रोज राजवाड्यावर भाजी आणायला नाही.

आरसी हातात आल्यावर

त्याच दिवशी वाचा: नाव, वडिलांचं नाव, चेसिस, इंजिन, इंधन, रंग, सीट, मुदत, बोजा. चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात. अपघात झाला आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावाने निघाली तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घ्या, जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. जुनी प्लेट आठवण म्हणून घरात ठेवायला हरकत नाही, पण गाडीवर नको. मग रंगवाल्याकडे जा.